समुद्रापार गेलेली निरगुडी

परदेशी निघालेल्या रजिस्टरांच्या प्रत्येक खोक्यात मी निरगुडीचा पाला घातला, आणि ही गोष्ट कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून प्रत्येक खोक्यावर तसा शिक्काही मारला.

एवढं वाचून ज्यांनी कपाळावर हात मारला ते निर्यातीच्या धंद्यातले समजावेत. ज्यांना ‘मग बिघडलं काय?’ असं वाटलं ते आमच्या किन्हवलीकडचे. मी दुसऱ्या गटात जन्मलो आणि पगार पहिल्या गटातला घेत राहिलो. सगळा घोळ तेवढाच.

आमची कंपनी ऑफिसात लागणारं सामान बनवायची. म्हणजे अजूनही बनवते. मी निवृत्त झालो म्हणून ती बंद पडलेली नाही. उलट मी गेल्यापासून बरी चालते असं कानावर येतं. बॉक्स फायली, हजेरीची रजिस्टरं, गोंदाच्या बाटल्या, शाईचे पॅड, रबरी शिक्के. शहापूरहून मुरबाडकडे येताना किन्हवलीच्या अलीकडे रस्त्याला लागून पत्र्याची लांबलचक शेड दिसते, ती आमची. मी तिथं डिस्पॅचला होतो. बाकीच्या खात्यांनी जीव लावून बनवलेल्या मालाचं पुढं वाटोळं होणार की नाही, हे ज्या खात्यात ठरतं त्याला डिस्पॅच म्हणतात.

बरीच वर्षं आमचा माल ट्रकने जायचा. भिवंडी, नाशिक, फार तर इंदूर. त्यात माझी कधी चूक झाली नाही असं नाही, पण ट्रकवाल्याला दोष देता यायचा. मग आमच्या शेठना परदेशातलं एक गिऱ्हाईक मिळालं. लांबचा, बेटांचा देश. नाव सांगत नाही. त्यांना माझं नाव अजून आठवत असेल.

शेठ मूळचे कच्छी, पण दोन पिढ्या कल्याणात काढलेल्या, त्यामुळे मराठी आमच्यासारखंच. फक्त राग आला की ते हिंदीत जायचे. शेठ हिंदीत शिरले की शेडमधली मांजरंसुद्धा उठून बाहेर जात.

‘‘बाळाराम,’’ शेठ म्हणाले, ‘‘माल आता जहाजाने जायचाय. पॅकिंग तुझ्याकडे. पाणी लागता कामा नये.’’

‘‘शेठ, आमच्या गावचा पाऊस तुम्ही बघताच,’’ मी म्हणालो. ‘‘पाण्याचं आम्हाला कोण शिकवणार?’’

माणसाने असलं वाक्य बोलू नये. बोललाच तर समुद्राच्या कानावर जाऊ देऊ नये.

या कामासाठी वेगळी शेड झाली आणि माणसं लागली तेव्हा शेणव्याच्या बाजूच्या पाड्यांवरच्या बाया जीपने यायला लागल्या. त्यांचं वर्षाचं गणित असं: भात कापून झालं, दिवाळी आटोपली, की वीटभट्टीचा मुकादम टेम्पो घेऊन पाड्यावर येतो. उचल हातावर ठेवतो आणि अख्खी घरं, भांडीकुंडी, पोरं, कोंबड्या उचलून नेतो. ती पावसाच्या तोंडाला परत. पोरांची शाळा मध्येच तुटते, ती पुन्हा जुळतेच असं नाही. एक्स्पोर्टची शेड बारमाही चालली तर मात्र भट्टीवर जायचं कारण उरत नव्हतं. म्हणजे कंटेनर नीट पोचला तर पोरं शाळेत, नाही पोचला तर भट्टीवर. हे मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. मला सांगितलं बुधीबायने.

बुधीबाय या बायांची म्होरकी. वय तिचं तिलाही माहीत नव्हतं. अंगाने काटकुळी, आवाजाने ट्रकचा भोंगा. मला ‘दादा’ म्हणायची, पण ज्या सुरात म्हणायची त्यात आदर शोधायला भिंग लागलं असतं.

‘‘दादा, ह्यो लोखंडाचा डबा चालला तं आमी हितं. बुडला तं भट्टीवं. तवा जरा बगून भरा.’’

‘‘डबा नाय बुधीबाय, कंटेनर म्हणतात त्याला.’’

‘‘तुमी काय बी म्हना. बुडताना नाव इचारतंय व्हय पानी?’’

पहिला कंटेनर आला तेव्हा मी आणि बुधीबाय त्याच्या दारात उभं राहून आत बघत होतो. रिकामा कंटेनर आतून एखाद्या समाजमंदिराएवढा वाटतो. खोकी कशी रचायची यावर आमचं दोघांचं एका मिनिटात एकमत झालं, आणि तिथंच मला शंका यायला हवी होती. भात कापल्यावर भाऱ्यांची उडवी रचतात ती शहरातल्या वाचकाने पाहिली नसेल. एका भाऱ्यावर दुसरा सरळ ठेवायचा नाही. सांध्यावर मधोमध ठेवायचा, म्हणजे भारे एकमेकांना धरून राहतात. वारा आला, पाऊस आला, उडवी हलत नाही. आम्ही दोघांनी जन्मभर उडव्या रचलेल्या. तशीच खोकी रचली. खाली रजिस्टरं, मध्ये गोंदाच्या बाटल्या, वर बॉक्स फायली, सगळं एकमेकांत गुंतवून. मी लांबून पाहिलं आणि फोटो काढला. काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू!

भाऱ्याला कोपरे नसतात, ही गोष्ट आम्हा दोघांच्या ध्यानात आली नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याचा सगळा जीव त्याच्या चार कोपऱ्यांत असतो. कोपऱ्याच्या बरोबर वर कोपरा आला तर वजन खांबावरून उतरल्यासारखं खाली जातं. उडवीसारखी रचली की वरच्याचा कोपरा खालच्याच्या पोटात बसतो, आणि पोट कुणाचंच भक्कम नसतं. त्यात जहाज रात्रंदिवस हलतं. बॉक्स फायली गोंदाच्या खोक्यांत हळूहळू बसत गेल्या, बाटल्या फुटल्या, गोंद खाली रजिस्टरांत उतरला आणि वाळला.

बंदरावरचं आमचं कागदपत्रांचं काम मेनन नावाचा एजंट बघायचा. उरणला त्याचं ऑफिस. माणूस इतका सभ्य की वाईट बातमीसुद्धा वाढदिवसाच्या शुभेच्छांसारखी द्यायचा.

‘‘सर, पार्टीचा फोन होता. ते विचारतात, इतकी रजिस्टरं मागवली होती, तुम्ही एकच मोठं पाठवलंय का?’’

शेठ त्या दिवशी हिंदीत गेले ते संध्याकाळपर्यंत मराठीत आलेच नाहीत.

दुसरा कंटेनर आम्ही श्रावणात भरला. आता कोपऱ्यावर कोपरा, गोंद सगळ्यात खाली, फटीत हवेच्या उशा. खोकी तसूभर हलायची नाहीत. बाहेर झिमझिम चालूच होती. शेडचं दार उघडं, पुठ्ठ्याला हात लावला तर गार लागायचा. मी दुर्लक्ष केलं. भरण्याआधी रिकाम्या कंटेनरची दारं लावून घेऊन आत उभा राहिलो, कुठून उजेड दिसतो का बघितलं. दिसला तर भोक आहे, पाणी येईल. ही तपासणी खरीच करतात, मी काही नवीन केलं नव्हतं. उजेड कुठेच नव्हता. मी आतून ओरडलो, ‘‘झकास! एक थेंब यायचा नाय!’’

बाहेरून थेंब आला नाहीच. पाणी आम्हीच आत भरून दिलं होतं. समुद्रातून जाणाऱ्या मालाला समुद्राचं पाणी क्वचितच लागतं, हे लोकांना सांगून पटत नाही. कागद ओल पितो, पुठ्ठा पितो, खोक्यांखालच्या पॅलेटची लाकडं पितात. दिवसा तो लोखंडी डबा तापतो, ओल वाफ होऊन वर जाते. रात्री छत गार पडलं की तिथं तिचे थेंब होतात. भाताच्या टोपावरचं झाकण उचललं की जे गळतं ना, तेच. महिनाभर रोज झाकण आणि रोज गळती. याला धंद्यात ‘कंटेनरचा पाऊस’ म्हणतात. पाण्याचं आम्हाला कोण शिकवणार म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने डबाभर श्रावण परदेशी पाठवला.

वरची रजिस्टरं हिरवी झाली, आणि ओलीबरोबर कसर आली. जुन्या वहीत पानापानांतून पळणारा तो बारीक किडा.

‘‘सर,’’ मेनन म्हणाला, ‘‘पार्टी म्हणते, हजेरीची रजिस्टरं मागवली होती, हजेरी लावणारे कशाला पाठवलेत?’’

या वेळी मात्र विनोद तिथंच संपला. गिऱ्हाईकाने निरोप दिला की आता शेवटचा एक कंटेनर. त्यात किडा दिसला तर पुढचा माल दुसरीकडून घेऊ. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि मराठीत बोलले, ते हिंदीपेक्षा वाईट. ‘‘बाळाराम, हा गेला तर एक्स्पोर्टची शेड बंद करतो. मला परवडत नाही.’’

तोवर भातं पिवळी पडायला लागली होती. बुधीबायने एक दिवस टेप लावता लावता विचारलं, ‘‘दादा, मुकादम फेऱ्या मारतो पाड्यावं. उचल घेऊ का थांबू? एक काय ते सांगा.’’

बाकीच्या बायांचे हात थांबले. तिची सून सांगी, टेप मारण्यात तिच्यासारखा हात नव्हता, ती तर माझ्या तोंडाकडेच बघत राहिली. तिचा थोरला तेव्हा नुकता शाळेत जायला लागला होता.

‘‘थांबा,’’ मी म्हणालो. ‘‘हा कंटेनर मी बघतो.’’

मी बघतो, हे माझं दुसरं तसलंच वाक्य.

ओलीचं कोडं तसं सुटलं होतं. कोरड्या दिवसांत भरायचं, पुठ्ठ्याला आधी ऊन दाखवून घ्यायचं, आणि ओल पिणाऱ्या लांबट पिशव्या कंटेनरच्या भिंतींना टांगायच्या. त्यात एक प्रकारचं मीठच असतं. पावसाळ्यात आपल्या घरच्या मिठाला पाणी सुटतं तसं ते हवेतली ओल ओढून पिशवीतच पाणी करून ठेवतं. राहिली कसर. मेनन म्हणाला होता, पाहिजे तर कीड मरायला गॅस मारून घेऊ, पैसे पडतील. शेठना आता आणखी खर्च कुठल्या तोंडाने सांगायचा, म्हणून मी ते माझ्यापाशीच ठेवलं.

आणि त्याच आठवड्यात घरी आमच्या सौभाग्यवती, सुगंधा, उन्हं दाखवलेले जुने तांदूळ कणगीत पुन्हा भरत होत्या. तांदळाचा एक थर, वर निरगुडीचा वाळलेला पाला, पुन्हा थर. माझी आई असंच करायची, तिची आई असंच करायची. निरगुडी असली की तांदळात किडा शिरत नाही.

मी ओट्यावर चहा पीत होतो. चहा तसाच ठेवून उठलो.

‘‘काय जालं?’’ सुगंधाने विचारलं.

‘‘काय नाय. सापडलं.’’

‘‘काय हरवलं व्हतं?’’

अक्कल, असं उत्तर आता सुचतं.

बुधीबायला सांगितलं तर तिला ते इतकं आवडलं की पहिल्यांदाच तिने मला टोमणा मारला नाही. पॅकिंगपेक्षा ओढ्याकाठी पाला खुडायला जाणं बायांना केव्हाही गोड. भरपगारी निरगुडी खुडून आली, शेडच्या मागं सावलीत वाळली, चुरचुरीत झाली. मूठभर पाला, पातळ कागदाची पुडी, एकेक पुडी एकेका खोक्यात. सगळ्या शेडला आजीच्या ट्रंकेचा वास यायला लागला. ‘‘आता कसर काय, भूत बी नाय शिरायचा,’’ बुधीबाय म्हणाली.

इथवर झालं असतं तर कदाचित निभावलंही असतं. सगळी खोकी कोण उघडून बघतो? पण मला राहवलं नाही.

झालं असं की लाकडी पॅलेटवर एक शिक्का असतो. परदेशी जाणारं लाकूड भट्टीत तापवून घ्यावं लागतं, म्हणजे त्यातली कीड मरते, आणि तसं केल्याची खूण म्हणून त्या लाकडावर शिक्का डागतात. त्या शिक्क्यात धान्याच्या कणसाचं बारीक चित्र असतं. ते कणीस मी रोज बघत होतो. माझ्या डोक्यात आलं की कीड मारल्याचा शिक्का त्यांच्या लाकडाला आहे, मग आमच्या खोक्याला का नको? त्यांचं कणीस, तर आपलं पान! शिक्के बनवणं तर आमच्या कंपनीचंच काम. मी त्या खात्यातून गुपचूप एक बनवून घेतला. मध्ये निरगुडीचं पान, सभोवती इंग्रजीत ‘हर्बल प्रोटेक्टेड’, आणि खाली, अगदी बारीक अक्षरात, माझ्या नावाची आद्याक्षरं. बी. आर. हिरव्या शाईत असा उठायचा की पाहत राहावं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कंटेनरमध्ये पेंढा, पाला, साल, माती यांपैकी काही नाही, अशा अर्थाच्या कागदावर सही मीच केली होती. खोटेपणाने नव्हे. पेंढा नव्हता, साल नव्हती, माती बायांनी झाडून काढली होती. आणि निरगुडीला पाला म्हणावं असं मला सुचलंसुद्धा नाही. निरगुडी म्हणजे औषध. गुडघ्याला बांधतात ती.

नवरात्र उलटल्यावर कंटेनर निघाला. वळणावर ट्रेलर विजेच्या तारेखाली आला तेव्हा आमचा वॉचमन बांबूने तार वर धरून उभा राहिला, बुधीबायने लांबून हात जोडले आणि डबा गेला. मी शेठना म्हणालो, ‘‘या वेळी गिऱ्हाईक आपण होऊन फोन करील.’’

दिवाळी झाली. भातं झोडून झाली. मुकादमाचा टेम्पो पाड्याच्या तोंडाशी येऊन उभा राहायला लागला आणि बाया रोज सकाळी त्याच्या बाजूने वळसा घालून आमच्या जीपमध्ये बसायला लागल्या. मुकादम त्यांना हसायचा म्हणे. मग फोन आला, पण गिऱ्हाईकाचा नव्हे.

‘‘सर,’’ मेनन म्हणाला. मी हौसेने म्हणालो, ‘‘बोला, बोला.’’

‘‘सर, तिकडच्या बंदरावर झाडापाल्याची तपासणी करणारे अधिकारी असतात. ते शंभरातली दोन-चार खोकी उघडतात. आपली खोकी उघडायची नव्हती. पण दार उघडल्यावर त्यांना पहिल्याच खोक्यावर पान दिसलं.’’

‘‘मग?’’

‘‘मग दुसऱ्यावर दिसलं. मग तिसऱ्यावर.’’

फोटो शेठच्या मोबाईलवर आले. निळा हातमोजा घातलेला एक हात, हातात आमची पुडी. चिमट्यात निरगुडीचं एक पान, जसा काही बॉम्ब सापडलाय. त्या लोकांचं म्हणणं आता मला पटतं. त्यांचं बेट, त्यांची शेती, आणि कुठल्यातरी परक्या पाल्यातून कुठली कीड, कुठलं बी येईल याचा नेम नाही. आम्ही किडा जाऊ नये म्हणून जे घातलं, तेच त्यांच्या लेखी किड्याचं वाहन. माल परत न्या, नाही तर जाळू, नाही तर सगळी खोकी उघडून पाला काढून गॅस मारू, असे तीन पर्याय त्यांनी दिले होते.

शेठ शेडमध्ये आले. हिंदीत. आणि सगळ्यात आधी त्यांची नजर बायांवर गेली.

‘‘ये जंगल का पत्ता किसने डाला? तुम लोगों ने? सब बंद करो! कल से कोई नहीं आएगा!’’

बुधीबायने माझ्याकडे बघितलं. हातातली टेप खोक्यावर ठेवली.  मी तोंड उघडलं. मी काय बोलणार होतो हे छातीठोकपणे सांगायला मला आवडलं असतं. पण तेवढ्यात शेठनी मोबाईलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. शिक्का मोठा झाला. पान मोठं झालं. पानाखालची अक्षरं मोठी झाली.

‘‘ये बी. आर. कौन है?’’

शेडमध्ये पिन पडली असती तरी ऐकू आली असती. आणि आमच्याकडे पिनांची कमतरता नव्हती.

‘‘मीच, शेठ,’’ मी म्हणालो. दुसरं म्हणणार काय? बी. आर. नावाची कुणी बाई शेडमध्ये नव्हती.

शेठ मला पुष्कळ बोलले. त्यातलं एक वाक्य मराठीत होतं, म्हणून लक्षात राहिलं: ‘‘चोरसुद्धा स्वतःचं नाव लिहून जात नाही रे.’’ त्यांनी तिसरा पर्याय घेतला, पाला काढून गॅस मारायचा, आणि गिऱ्हाईकाचं उत्तर येईपर्यंत एक्स्पोर्टच्या शेडला कुलूप घातलं.

घरी सगळी हकिकत सांगितली. सुगंधाने ऐकून घेतली आणि म्हणाली, ‘‘माज्या तांदळाचं नाव कुटं घेतलं नाय ना?’’

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेलो. शेठनी पाठवलं नव्हतं. थांबा असं मी म्हटलं होतं, आता थांबू नका हेही मीच सांगायला हवं होतं. मुकादमाचा टेम्पो चिंचेखाली उभा. बुधीबायच्या अंगणात मला बसायला पाट मिळाला, चहासुद्धा मिळाला. हे सगळं मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

‘‘बुधीबाय, काय सांगता येत नाय,’’ मी सुरुवात केली.

‘‘थांबा सांगताना येत व्हतं.’’

मी चहात बघत बसलो.

‘‘डबा बुडला का?’’ तिने विचारलं.

‘‘बुडला नाय. अडकलाय.’’

‘‘पाल्यापायी?’’

‘‘पाल्यापायी.’’

‘‘त्या लोकांना तांदूळ खायाचा असतो का नाय? मंग त्यांच्या तांदळात किडं नाय पडत?’’

आत सांगी भांडी गोणीत भरत होती. तिच्या नवऱ्याने सकाळीच उचल घेतली होती. थोरला पोरगा पाटी-दप्तर घेऊन दारात उभा. ते न्यायचं की ठेवायचं एवढंच तो विचारत होता. शेवटी बुधीबायने त्याच्या हातातून दप्तर घेतलं आणि घरात खुंटीला लावलं. ‘‘हितंच राऊ दे. तिकडं मातीनं खराब होल.’’

टेम्पो गेला. सांगीचं घर गेलं, आणखीही काही घरं गेली. बुधीबाय मात्र गेली नाही. ‘‘माज्यानं आता इटा निगत नाय,’’ एवढंच म्हणाली. माझ्यावर विश्वास आहे असं म्हणाली असती तर मला जास्त त्रास झाला असता, म्हणून बहुतेक म्हणाली नसावी. छे, माझ्या सोयीसाठी ती काही बोलेल अशातली नव्हतीच.

टेम्पो जाऊन आठवडा झाला नसेल, तोच मेननचा फोन आला.

‘‘सर, पार्टीने माल उघडला. खूश आहेत.’’

‘‘काय आहेत?’’

‘‘खूश. बुरशी नाही, खोकी चेपली नाहीत, एक किडा नाही. म्हणतात, आजवरचा सगळ्यात स्वच्छ कंटेनर. पुढचा प्रत्येक कंटेनर असाच गॅस मारून द्या, खर्च निम्मा आम्ही उचलतो. ऑर्डर चालू.’’

म्हणजे पाल्याने काही केलंच नाही. पाला घातला म्हणून जी शिक्षा झाली तिने केलं. आणि तो गॅस मेनन मला आधीच सुचवत होता, ते मी माझ्या पोटात ठेवून निरगुडी खुडायला माणसं पाठवली होती. हा हिशोब मी अजून शेठना दिलेला नाही. ही हकिकत छापलेला अंक त्यांच्या हाती पडला तर आपोआप मिळेल.

‘‘आणि सर,’’ मेनन चाचरत म्हणाला, ‘‘ते पानाचं चित्र त्यांना आवडलं. चांगलं काढलंय म्हणाले. पण पुन्हा दिसलं तर ऑर्डर रद्द.’’

कुलूप निघालं. राहिलेल्या बाया परत आल्या. पुढच्या दिवाळीला टेम्पो त्या बाजूच्या पाड्यावरून बराचसा रिकामाच गेला. सांगी पावसाच्या तोंडाला परतली आणि शेडमध्ये आली, टेपवर तोच हात. तिच्या पोराला मात्र शाळेत पुन्हा त्याच वर्गात बसावं लागलं. तो दुसऱ्यांदा पहिलीत गेला तो माझ्यामुळे, हे त्याला कुणी सांगितलं नाही. शहापूरला एसटी स्टँडवर मध्ये भेटला, आयटीआयला आहे. माझ्या पाया पडला. मी घाईत असल्याचं दाखवून निघालो.

शेठनी कंटेनर भरायच्या जागी एक पाटी लावायला लावली. लाल रंगात, मोठ्या अक्षरांत: ‘पेंढा, साल, माती, पालापाचोळा आत चालणार नाही.’ रंगवून घ्यायची आणि ठोकायची जबाबदारी माझ्याकडे. आणि दार बंद करण्याआधी आत जाऊन शेवटची नजर टाकायची ती बुधीबायने, माझ्या सहीला त्याशिवाय किंमत नाही, असा नियम झाला. तो शेवटपर्यंत राहिला. तिने तो नियम इतक्या कडकपणे पाळला की एकदा माझ्या चपलेला चिकटलेली गवताची काडी दाखवून तिने मला दारातूनच परत फिरवलं होतं.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ, शेठचं भाषण, सगळं रीतसर झालं. भाषणात ‘बाळारामने कंपनीचं नाव समुद्रापार पोचवलं’ असं वाक्य होतं आणि त्यावर मागून कुणीतरी खोकलं. नारळ मी सवयीने शेडच्या बाहेरच ठेवला. त्या दिवशी एक कंटेनर भरून होत आला होता. दाराशी थोडी जागा शिल्लक, आत खोकी कोपऱ्यावर कोपरा, भिंतींना पिशव्या टांगलेल्या. इतकी वर्षं मी ही दारं लावली, पण दारापलीकडचं बंदर, ते बेट, माझ्या फायली लावलेली ती ऑफिसं, काही म्हणता काही पाहिलं नव्हतं. मी खांद्यावरची शाल सावरली आणि चढून त्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिलो.

बुधीबाय झाडू घेऊन शेवटची नजर टाकायला आली.

‘‘बुधीबाय, लाव दार,’’ मी म्हणालो. ‘‘मीपण जातो यांच्याबरोबर. एकदा बघून तरी येतो कुठं जातं सगळं.’’

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग झाडूचं टोक बाहेरच्या लाल पाटीकडे केलं.

‘‘उतरा खाली, दादा. पाटी तुमीच ठोकली ना? पालापाचोळा चालत नाय.’’